गच्चीबागेच्या ग्रुपवर तोच प्रश्न पुन्हा आला की

"टमाट्याची पानं गुंडाळायलीत, काय मारू?"

गुढीपाडव्यापासून मृग लागेपर्यंत मराठवाड्यातल्या गच्चीबागेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा प्रश्न येतच राहतो. सोबत एकच फोटो, तोही लांबून आणि उन्हाकडे तोंड करून काढलेला. जुन्यांपैकी कुणी लिहितं, "वर बघा, कालच सांगितलंय." कुणी ताक मारायला सांगतं, कुणी राख टाकायला, कुणी थेट दुकानातल्या औषधाचं नाव देतं. विचारणारी ताई घाबरून तिन्ही एकाच दिवशी करते. आठवड्याने रोप जातं आणि ताईही ग्रुपवर बोलायची बंद होते. नवख्याचं पहिलंच रोप गेलं की बहुतेकदा त्याचा छंदही तिथेच संपतो, म्हणून या पहिल्या उत्तराला फार महत्त्व आहे.

सुरुवात "वर बघा" बंद करण्यापासून करावी. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये आज आलेल्या माणसाला कालचे मेसेज आपोआप दिसत नाहीत, म्हणजे त्याच्या फोनवर "वर" काहीच नसतं. जुन्या सदस्यालाही शोधून सापडेलच असं नाही. एकाने "टोमॅटो" लिहिलेलं असतं, दुसऱ्याने "टमाटे", तिसऱ्याने इंग्रजी अक्षरांत मराठी. फोनचा शोध अक्षरं जुळवतो, अर्थ जुळवत नाही. नांदेड-हिंगोलीकडचं कुणी कोथिंबिरीला सांबार म्हणत असेल, तर "कोथिंबीर" शब्दाने लिहिलेलं उत्तर त्याला कधीच सापडणार नाही. तोच प्रश्न पुन्हा येतो याचा अर्थ उत्तर नीट ठेवलेलं नाही, एवढाच घ्यावा.

प्रश्न तोच, दुखणं वेगळं

प्रश्नाचे शब्द सारखे असले तरी कुंडीत चाललेलं सारखं असतंच असं नाही, आणि अनुभवी मंडळी नेमकी इथे चुकतात. शंभरदा ऐकलेला प्रश्न म्हणून शंभरदा दिलेलं उत्तर देऊन टाकतात.

टोमॅटोचंच घ्या. खालची जुनी पानं वरच्या बाजूला नळीसारखी वळली आहेत, हाताला जाड, चामड्यासारखी लागतात, पण रंग हिरवा आहे आणि शेंडा टवटवीत आहे, तर तो उन्हाचा आणि पाण्याचा ताण. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर गेला की रोप पानं मिटून ओलावा वाचवतं. इथे औषधाचं काहीच काम नाही. उलट शेंड्याची नवी पानं बारीक आली आहेत, कडा पिवळ्या पडून पान वाटीसारखं झालं आहे, पेरं (खोडावरच्या दोन पानांमधलं अंतर) आखूड राहिलं आहे, तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. तो कशानेही बरा होत नाही, रोप काढूनच टाकावं लागतं. एका रोपाला फक्त सावली हवी आणि दुसरं आजच उपटायला हवं, आणि दोघांचा प्रश्न मात्र अक्षरशः एकच.

मिरचीचा बोकड्या, म्हणजे पानं आकसण्याचा रोग, तोही तसाच. पानं वरच्या बाजूला वळली तर बहुधा फुलकिडे, खालच्या बाजूला वळली तर कोळी नावाची बारीक कीड. "मिरचीची पानं आकसली" एवढ्या वाक्यावरून हे कुणालाही कळणार नाही.

दुसरं उदाहरण मराठवाड्याचं खास. "रोज पाणी घालते, खालून पाणी येतं, तरी झाड सुकायलंय." बहुतेक जण लगेच लिहितात, पाणी जास्त झालं, मुळं कुजली. तसं असेलही, पण आधी कुंडीत माती कोणती आहे ते विचारावं. काळी माती वाळली की आक्रसते आणि कुंडीच्या कडेने बोटभर फट पडते. घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ तळाला जातं, मुळाभोवतीचा गोळा आत कोरडा ठणठणीत राहतो. त्या ताईला "पाणी कमी करा" सांगितलं तर झाड दोन दिवसांत मेलं म्हणून समजा. कडेपासून दूर, मध्यावर बोट २ इंच खुपसून बघायला सांगा. आत ओल लागली नाही तर वरची २ इंच माती खुरप्याने मोकळी करून फट बुजवायची, अर्धा तांब्या पाणी घालायचं, १५ मिनिटं थांबायचं, पुन्हा अर्धा तांब्या. कुंडी लहान असेल तर ती पाण्याच्या टबात अर्धा तास ठेवायची. कायमचा इलाज म्हणजे माती बदलणं: ३ घमेली पोयट्याची (गाळाची) माती, २ घमेली चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, २ घमेली कोकोपीट आणि दर कुंडीला एक मूठ निंबोळी पेंड. पोयटा मिळत नसेल आणि काळी मातीच वापरायची असेल, तर ती एकूण मिश्रणाच्या पाव हिश्शाहून जास्त नको. उरलेली कसर जाड वाळूने भरून काढावी.

आधी सहा गोष्टी मागून घ्या

निदान करायला सहा गोष्टी पुरतात. ग्रुपच्या माहितीत हाच मजकूर ठेवावा आणि उत्तर देणाऱ्यानेही तोच मागावा:

"तीन फोटो टाका: पूर्ण रोप, एका पानाची मागची बाजू जवळून, आणि कुंडीतली माती. कुंडी किती इंची? ऊन किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत? पाणी किती आणि कशाचं, नळाचं, बोअरचं की आरओचं? मागच्या १५ दिवसांत काय टाकलं, काय फवारलं? गाव कोणतं?"

फोटो सकाळी, सावलीत काढायला सांगावेत. दुपारच्या उन्हात पिवळेपणा दिसतच नाही. रात्री दहाला प्रश्न आला तर घाईने अंदाज सांगू नये. "उद्या सकाळी उजेडात पानामागचा फोटो टाका, तोवर काही फवारू नका" हे रात्रीचं सगळ्यात चांगलं उत्तर. एका रात्रीत रोप मरत नाही, चुकीच्या फवारणीने मात्र मरतं.

गाव विचारण्याचे दोन फायदे. आपल्याकडे अनोळखी माणसाशी बोलणं तसंही "गाव कोणतं?" इथूनच सुरू होतं, त्यामुळे समोरचा मोकळा होतो. आणि गावावरून पाणी कळतं. बोअरच्या जड पाण्याने कुंडीच्या कडेला पांढरा थर येतो, पानांच्या कडा करपतात, नवी पानं पिवळी पडतात पण शिरा हिरव्या राहतात. म्हणजे लोह मातीत असूनही झाडाला मिळत नाही. जुनी, खालची पानं सगळीच्या सगळी पिवळी होत असतील तर ते वेगळं, तिथे नत्र कमी आहे. "पानं पिवळी पडायलीत" या प्रश्नाचं अर्धं उत्तर नवी पानं की जुनी, एवढ्यावर मिळतं.

उत्तराचं कार्ड कसं लिहायचं

महिनाभर वहीत प्रश्न टिपा. प्रत्येक प्रश्नापुढे रेघ मारत गेलात की दिसेल, दहा-बारा प्रश्नच फिरून फिरून येतात. त्या प्रत्येकाचं एक कार्ड करायचं. नमुना असा:

"टोमॅटो, टमाटे, टमाटा: पानं गुंडाळणं, आकसणं, वळणं.
आधी बघा: कोणती पानं, खालची की शेंड्याची?
खालची, हिरवी, जाडसर, शेंडा चांगला: उन्हाचा ताण. औषध नको. दुपारी १२ ते ४ सावली करा. मातीवर २ इंच वाळका पाला किंवा पाचट पसरा. पाणी सकाळी ८ च्या आत.
शेंड्याची, बारीक, कडा पिवळ्या, वाढ थांबली: विषाणू. बरा होत नाही. रोप उपटून पिशवीत बांधून टाका. बाकीच्या रोपांजवळ पिवळे चिकट सापळे लावा.
पानामागे बारीक किडे, चिकटपणा: मावा. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा. दोन दिवसांनी पुन्हा दिसला तर १ लिटर पाण्यात २ मिली भांडी घासायचं लिक्विड आणि ५ मिली नीम ऑइल, ऊन उतरल्यावर. आधी दोन पानांवर मारून एक दिवस बघा.
करू नका: युरिया टाकणं, एका दिवशी दोन फवारण्या, भर उन्हात नीम ऑइल.
१० दिवसांनी फोटो टाका.
तपासलं: मे."

पहिल्या ओळीत एकाच भाजीची तीन नावं आहेत ती शोधासाठी. इंग्रजी अक्षरांतलं स्पेलिंगही तिथेच घालून ठेवा. कार्ड मजकुराच्या रूपात असू द्या. सजवलेलं चित्र सुंदर दिसतं, पण व्हॉट्सअ‍ॅपच्या शोधात त्यातला शब्द सापडत नाही, आणि पीडीएफ नवखा माणूस उघडायचा कंटाळा करतो. वाचायला त्रास होणाऱ्या काका-मावशींसाठी तोच मजकूर एक मिनिटाच्या आत बोलून ठेवावा. नीम ऑइलच्या ओळीत लिक्विड आधी आहे तेही मुद्दाम: आधी पाण्यात लिक्विड, मग तेल. तेल आधी ओतलं तर ते वर तरंगतं, पंपातून पहिल्यांदा नुसतं पाणी आणि शेवटी नुसतं तेल निघतं, आणि त्या शेवटच्या तेलाने पानं जळतात. नवखे लिहिलेल्या क्रमानेच करतात, म्हणून क्रम बरोबर हवा.

मापं लिटरमध्ये, मिलीमध्ये, घमेल्यात द्या. "थोडंसं", "गरजेप्रमाणे" हे शब्द नवख्याला काहीच सांगत नाहीत. गरज कळत असती तर त्याने विचारलंच नसतं. पाण्याबाबत तर जास्तच जपून लिहावं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. आजही नळ आठ-आठ दिवसांनी येणारी गावं आपल्याकडे आहेत. "दिवसातून दोनदा भरपूर पाणी द्या" असं कार्ड तिथे निरुपयोगी. १२ इंची कुंडीला उन्हाळ्यात दिवसाला साधारण १ ते दीड लिटर, मातीवर पाला पसरला तर त्याहून कमी, असं लिहिलं की माणूस आपल्या टाकीतलं पाणी मोजून कुंड्या किती ठेवायच्या ते ठरवू शकतो. तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी चालतं. आरओचं वाया जाणारं पाणी मात्र रोज घालू नये, कारण मूळ पाण्यातले क्षार त्यात आणखी दाट झालेले असतात. बोअरच्या पाण्यावरचा आरओ असेल तर मुळीच नको.

कार्ड ठेवायचं कुठे

सगळी कार्डं एका गुगल डॉकमध्ये, आणि त्या डॉकची लिंक ग्रुपच्या माहितीत. व्हॉट्सअ‍ॅपवर एका वेळी तीनच मेसेज पिन होतात आणि जास्तीत जास्त ३० दिवस टिकतात. त्यामुळे पिनवर कायमचं काही ठेवता येत नाही. एक पिन सहा गोष्टींच्या मजकुराला, एक डॉकच्या लिंकला आणि तिसरा हंगामाच्या कार्डाला द्यावा. दर महिन्याच्या १ तारखेला तिन्ही नव्याने लावण्याचं काम एका ठरलेल्या माणसाकडे असावं. ते काम कुणाचंच नसलं की पिन गुपचूप निघून जातो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. उत्तर देण्याच्या पाळीवर असलेल्यांनी कार्डं स्वतःलाच मेसेज करून ठेवावीत. तिथून उचलून टाकायला अर्धा मिनिट लागतं.

तिसरा पिन सणांवर बेतला तर लक्षात राहतो. पाडव्याच्या आधीच्या आठवड्यात ५० टक्क्यांच्या शेडनेटचं आणि पाण्याचं कार्ड. मृगाच्या आठवडाभर आधी माती मिसळण्याचं, आणि सोबत भेंडीचं. भेंडीच्या पानाच्या शिरा पिवळ्या पडून जाळी दिसू लागली की नवखे खत मागायला लागतात, आणि तो असतो विषाणू. त्यामुळे बी घेतानाच सांगायला हवं की या रोगाला दाद न देणारा वाण घ्या. परभणीच्या कृषी विद्यापीठाची "परभणी क्रांती" त्याचसाठी ओळखली जाते. श्रावण-भाद्रपदात गोगलगाई आणि कुंडीत साचलेलं पाणी. दसरा झाला की कोथिंबीर: धने हलक्या हाताने रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा, १ सेंटीमीटर खोल पेरा, उगवायला ८ ते १२ दिवस लागतात, पाचव्या दिवशी उकरून बघू नका. कडक उन्हात पेरलेली कोथिंबीर उगवत नाही आणि उगवली तरी लगेच फुलावर येते; "माझी कोथिंबीर का येत नाही" हा मेमधला प्रश्न या एका ओळीने मिटतो. येळवशीच्या (मार्गशीर्ष अमावस्येच्या) सुमारास, ढगाळ थंडीत, मावा वाढतो.

उत्तर देताना

आधी एक-दोन ओळी आपल्या, मग कार्ड. आपल्या ओळीत त्यांच्याच फोटोतली एखादी गोष्ट आली पाहिजे. "ताई, शेंडा छान हिरवा आहे, रोप जाणार नाही. खालच्या पानांचं कारण या कार्डात पहिलंच आहे." नुसतं कार्ड चिकटवलं तर समोरच्याला वाटतं आपला फोटो कुणी पाहिलाच नाही, आणि तो तोच प्रश्न दोन दिवसांनी पुन्हा टाकतो. त्याच्या मेसेजलाच रिप्लाय करून उत्तर द्यावं, नाहीतर सुप्रभातच्या फुलांखाली ते दबतं. नाव दिसत नसेल, ताई की दादा कळत नसेल, तर "नमस्कार, तुमच्या रोपाचा…" अशी सुरुवात करावी. उत्तर ग्रुपवरच द्यावं. गप्प बसून वाचणाऱ्या दहा जणांना तोच प्रश्न पडलेला असतो.

आठवड्याला दोन जणांची पाळी लावा. पाळीवर नसलेल्यांनी निदान झाल्याशिवाय उपाय सुचवायचा नाही, हा नियम थोडा कडक वाटेल पण पाळावाच. आठ चांगल्या माणसांचे आठ चांगले उपाय एकाच कुंडीत गेले की झाड मरतं, आणि कशाने मेलं तेही कळत नाही. मतभेद असेल तर त्याच मेसेजला रिप्लाय करून कारणासकट लिहावं: "माझ्या मते कोळी आहेत, कारण पान खाली वळलंय." नवखा त्यातूनच बघायला शिकतो.

पाळीत एक जण मागच्याच वर्षी आलेला घ्या. त्याला आपलं न कळणं अजून आठवत असतं, त्यामुळे "पेरं म्हणजे काय" हे तो न विचारता समजावतो. ज्याला त्याच प्रश्नाचा वैताग आला आहे त्याने महिनाभर पाळी सोडावी. वैतागलेलं बरोबर उत्तर लोक वाचतात, पण पाळत नाहीत.

ज्या प्रश्नाला कार्ड टाकायचं नाही

"शेतातलं औषध उरलंय, ते मारू का?" मराठवाड्यात घरोघरी कापूस-सोयाबीनच्या फवारणीच्या उरलेल्या बाटल्या असतात, त्यामुळे हा प्रश्न येणारच. याला तत्काळ, स्पष्ट आणि स्वतः उत्तर द्या: नाही. त्या औषधांची मात्रा पंपाला आणि एकराला दिलेली असते, दोन कुंड्यांसाठी ती घरात मोजता येत नाही. फवारणीनंतर किती दिवस भाजी तोडायची नाही, हे पिकागणिक ठरतं आणि लेबलवर तुमच्या भाजीचं नाव बहुधा नसतंच. गच्चीवर कपडे वाळतात, पाण्याची टाकी असते, लेकरं खेळतात. माणूस ऐकत नसेल तर फोन करावा. मारून झालं असेल तर त्या कुंडीतलं माळवं खायचं नाही, हे सांगावं. कुणाला मळमळ, चक्कर, डोळ्यांची आग सुरू झाली असेल तर बाटली लेबलसकट सोबत घेऊन दवाखान्यात जायला सांगावं, ग्रुपवर उपाय विचारत बसू नये.

गच्चीच्या वजनाचा प्रश्नही कार्डावर सोपवू नये. २० लिटरची कुंडी पाणी घातल्यावर २५ ते ३० किलो भरते. जुन्या माळवदाच्या घरावर कुंड्या ठेवू का, असं कुणी विचारलं तर ग्रुपने होकार देऊ नये; घर बघणारा जाणता माणूस लागतो.

एकाच आठवड्यात चार-पाच जणांनी तेच विचारलं

तेव्हा थांबून बघा, कारण तो नेहमीचा नवख्यांचा प्रश्न नसूही शकतो. पाचही जणांच्या पानांच्या कडा करपल्या असतील तर कोकोपीट कुठून आणि कधी घेतलं ते विचारा. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये क्षार राहतात. बादलीत भिजवून, पिळून, पाणी फेकून असं दोन-तीनदा केल्यावरच ते कुंडीत घालायचं असतं. एकाच दुकानाची माती, एकाच रोपवाटिकेची रोपं, एकाच वस्तीतला पांढऱ्या माशीचा उठाव, हे सगळं अशा वेळी कळतं. ग्रुपवर दुकानाचं नाव घेऊन भांडण लावू नये, पण माल बदलायला सांगावं. काही उलगडेना तर पान आणि माती घेऊन जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात जावं. पान वर्तमानपत्रात गुंडाळून न्यावं. प्लास्टिकच्या पिशवीत ते घामेजून सडतं आणि तिथल्या तज्ज्ञांनाही रोग ओळखता येत नाही.

दहा दिवसांनी विचारा

पाळीवाल्याने वहीत तारीख लिहून ठेवावी आणि दहाव्या दिवशी विचारावं, "दादा, त्या मिरचीचं काय झालं?" कार्ड खरोखर उपयोगी आहे का, हे कळायचा दुसरा मार्ग नाही. एकाच कार्डावर तीन जणांनी "फरक नाही" सांगितलं तर चूक बहुधा कार्डात असते: एखादं लक्षण सुटलेलं असतं किंवा वाक्य दोन अर्थांचं झालेलं असतं. "संध्याकाळी फवारा" वाचून चारला, तापलेल्या पानांवर फवारणारे असतात. म्हणून वर "ऊन उतरल्यावर" लिहिलं आहे.

सगळ्या कार्डांची तपासणी वर्षातून एकदा, मेच्या अखेरीस करा आणि तळातला महिना बदला. दुरुस्ती आधी डॉकमध्ये, मग पिनमध्ये, मग पाळीवाल्यांच्या फोनमधल्या प्रतीत. फोनमधली जुनी प्रत पुसायला त्यांना आठवणीने सांगावं लागतं, नाहीतर बदललेलं माप ऑगस्टमध्ये पुन्हा जुनंच ग्रुपवर येतं.